तुमची भागीदारी आठ महिन्यांपूर्वीच सुरू झाली आहे

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरचे एक गृहस्थ आणि त्यांचा मावसभाऊ मिळून पालद्याला शेड भाड्याने घेऊन नमकीन बनवतात आणि पाकिटं भरून विकतात. भावाने १५ लाख घातले. त्याची नोकरी आहे, महिन्यातून दोनदा येऊन जातो. यांनी ५ लाख घातले आणि सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत ते तिथेच असतात. त्यांची बायको बिलं, स्टॉक आणि माल रवाना करणं बघते, पगार घेत नाही. भावाच्या एका मित्राने ४ लाख दिले आहेत, 'नफ्यातून काहीतरी देत जा' एवढ्या बोलीवर. आठ महिने झाले, कागद एकही नाही, कारण वडील म्हणतात, "भावाभावांत कसली आलीय लिखापढी?" आता विचारताहेत की भागीदारी फर्म करावी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करावी की कंपनी? आणि शेवटी जाता जाता : धाकटी बहीण विजयनगरला तिच्या जोडीदाराबरोबर राहते, लग्न केलेलं नाही, दोघांनी मिळून फ्लॅट घेतलाय, तिलाही काही कागद करून ठेवावे लागतील का?

मी इंदुरात सीए म्हणून तीस वर्षांहून जास्त काम करते आहे. माणसं जो प्रश्न शेवटच्या ओळीत घुसवतात तोच पुष्कळदा सगळ्यात महाग पडतो, म्हणून बहिणीच्या फ्लॅटकडेही येणार आहे. पण आधी कारखाना.

'भागीदारी करावी का' हा प्रश्न तुमच्यापुरता संपला आहे. ती झालेली आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं चौथं कलम काढून बघा. सगळ्यांनी मिळून किंवा सगळ्यांच्या वतीने कोणीतरी चालवलेल्या धंद्याचा नफा वाटून घ्यायचं काही जणांनी ठरवलं, की त्यांचं आपसातलं नातं म्हणजे भागीदारी. त्यात कुठेही 'लेखी' हा शब्द नाही, स्टँप पेपर नाही, नोटरी नाही. तुम्ही दोघांनी पैसे घातले, तुम्ही दोघांच्या वतीने बेसन-तेल उधारीवर उचलता, नफा वाटायचं ठरलेलं आहे. संपलं. पहिल्या दिवसापासून तुम्ही भागीदार आहात, फक्त तुमच्या अटी तुम्ही लिहिल्या नाहीत. आणि तुम्ही लिहिल्या नाहीत म्हणजे अटी नाहीत असं नव्हे. कायद्याने लिहून ठेवलेल्या अटी तुम्हाला आपोआप लागू झाल्या आहेत.

त्या कोणत्या ते ऐका, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांना हे माहीत नसतं. तेरावं कलम म्हणतं, वेगळं ठरलं नसेल तर कोणाही भागीदाराला कामाचा मोबदला नाही. म्हणजे तुमचे रोजचे तेरा तास फुकट. नफा आणि तोटा दोन्ही समान. म्हणजे १५ लाखवाला आणि ५ लाखवाला बरोबरीत. भांडवलावर व्याज नाही. भांडवलाच्या वर कोणी उसने पैसे घातले तर त्यावर मात्र वर्षाला सहा टक्के.

'नफा समान' हे तुम्हाला ऐकायला गोड वाटेल. आता तोट्याचा हिशोब करा. समजा उद्या कारखाना बंद केला. मशीन विकून, देणी देऊन हातात ८ लाख उरले. घातले होते २०, म्हणजे तोटा १२, प्रत्येकाच्या वाट्याला ६. भावाचे १५ वजा ६, त्याला मिळायला हवेत ९. तुमचे ५ वजा ६, म्हणजे उणे १. शिल्लक ८ लाख सगळे भावाचे, शिवाय तुम्ही घरातून १ लाख आणून त्याला द्यायचे. वर्षभर राबलात तुम्ही, आणि शेवटी खिशातून घालणारेही तुम्हीच. भाऊ चांगला असेल तर तो घेणार नाही. पण भाऊ चांगला असणं हे कायद्याचं कलम नाही, आणि त्याच्या बायकोलाही ते तितकंच वाटेल याची खात्री कोण देणार?

आता वडिलांच्या वाक्याकडे. त्यांचा हेतू चांगला आहे हे मला कळतं. माझ्या वडिलांनीही हेच म्हटलं असतं. ते एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये मुनीम होते आणि दिवाळीच्या मुहूर्ताला नव्या वहीवर 'श्री' घालताना मी त्यांच्या शेजारी बसलेली आहे. पण कायदा इथे नेमका उलटा बोलतो. पाचव्या कलमात स्वच्छ लिहिलंय की भागीदारी कराराने निर्माण होते, दर्जाने म्हणजे नात्याने नाही. एकत्र हिंदू कुटुंबाचा धंदा चालवणारी भावंडं त्या नात्याने भागीदार नसतात. त्याच कलमात एक गमतीचा उल्लेख अजून शिल्लक आहे, ब्रह्मदेशातल्या बौद्ध नवरा-बायकोचा. तेही नवरा-बायको म्हणून धंदा करत असतील तर भागीदार नाहीत. १९३२ साली ब्रह्मदेश हिंदुस्थानातच धरला जात होता. तो १९३७ साली वेगळा झाला, ओळ राहून गेली.

आपल्या भाषेला हा फरक फार आधी कळला होता असं मला वाटतं. जोडीदार वेगळा, साथीदार वेगळा, शेतातला वाटेकरी वेगळा आणि धंद्यातला पातीदार वेगळा. 'पाती' म्हणजे वाटा; हा शब्द पुण्या-मुंबईकडे आता कमी ऐकू येतो, पण माझं माहेर देवासचं, आम्हाला तो विसरता येत नाही. तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार भावांपासून देवासच्या दोन गाद्या सुरू झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, राजे दोन, दरबार दोन. १९४८ साली मध्यभारतात विलीन होईपर्यंत हा कारभार दोन शतकांच्या आसपास चालला. भाऊ होते म्हणून चालला असं म्हणणारे म्हणोत. आमच्या आजोबांचं म्हणणं असं, की कुठली गल्ली कोणाची हे ठरलेलं होतं म्हणून चालला.

तर गल्ल्या आखायला घेऊ.

मी भागीदारीचा करार लिहिते तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या काढते : पैसा, मेहनत आणि जोखीम. बहुतेक भांडणं या तिन्हींना एकाच टक्केवारीत कोंबल्यामुळे होतात. 'पैसे त्याचे जास्त, काम माझं जास्त, म्हणून पन्नास-पन्नास' हा न्याय वाटतो, पण दुसऱ्या वर्षी दोघांनाही आपण फसलो असं वाटायला लागतं. त्यापेक्षा पैशाला व्याज द्या. आयकरात भागीदाराच्या भांडवलावर वर्षाला १२ टक्क्यांपर्यंत साधं व्याज फर्मचा खर्च म्हणून चालतं, करारात लिहिलेलं असेल तर. भावाच्या १५ लाखांवर ते झालं १ लाख ८० हजार, तुमच्या ५ लाखांवर ६० हजार. मग मेहनतीला मोबदला, जो फक्त काम करणाऱ्या भागीदारालाच देता येतो. महिन्यातून दोनदा चहा प्यायला येणाऱ्या भावाला नाही. फर्मचा खर्च म्हणून चालणाऱ्या या मोबदल्याची कमाल मर्यादा आता अशी आहे : व्याज वजा केल्यानंतरच्या पुस्तकी नफ्यातल्या पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के किंवा ३ लाख यांतली मोठी रक्कम, आणि त्याच्या वरच्या नफ्यावर ६० टक्के. म्हणजे नफा १० लाख असेल तर ५ लाख ४० हजार अधिक २ लाख ४० हजार, एकूण ७ लाख ८० हजारांपर्यंत. ही कमाल आहे, इतका घ्यायलाच हवा असं नाही. तुम्ही महिन्याला ३५ हजार ठरवा किंवा नफ्याच्या प्रमाणात ठरवा, पण रक्कम किंवा ती काढायची रीत करारात हवी. 'भागीदार वेळोवेळी ठरवतील तसं' असली मोघम ओळ आयकर अधिकाऱ्यासमोर टिकवताना नाकी नऊ येतात.

व्याज आणि मोबदला गेल्यावर जे उरेल ते जोखमीचं बक्षीस, ते पन्नास-पन्नास करा. तोट्याचं प्रमाण मात्र वेगळ्या वाक्यात लिहा. तुमच्या बाबतीत मी ते भांडवलाच्या प्रमाणात, तीनास एक असं सुचवेन. भाऊ आधी कुरकुर करेल. त्याला वरचं ८ लाखांचं गणित दाखवा आणि विचारा, तुझ्या भावाने राबून वर पैसे भरावे असं तुला खरंच वाटतं का.

कराचं एकाच परिच्छेदात उरकते. फर्म असो की एलएलपी, उरलेल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर; मग तो नफा भागीदाराच्या हातात करमुक्त. व्याज आणि मोबदला मात्र ज्याच्या त्याच्या उत्पन्नात जातात. एप्रिल २०२५ पासून वर्षाला २० हजारांच्या वर व्याज-मोबदला दिला की फर्मने भागीदाराचाच १० टक्के टीडीएस कापायचा असतो. हे नवीन असल्यामुळे जुने हिशोबनीसही विसरतात.

आता मित्राचे ४ लाख. हा तुमच्या प्रकरणातला सगळ्यात निसरडा दगड. नफ्यातून पैसे मिळतात एवढ्यावरून कोणी भागीदार होत नाही. इंग्लंडात १८६० साली कॉक्स विरुद्ध हिकमन या खटल्यात हे तत्त्व ठरलं आणि आपल्या सहाव्या कलमात उतरलं. धंद्याला कर्ज देणारा, नफ्यावर कमिशन घेणारा नोकर, मेलेल्या भागीदाराची विधवा, ज्याने धंदा विकला तो जुना मालक, या सगळ्यांना नफ्यातला वाटा मिळू शकतो आणि तरी ते भागीदार नसतात. कसोटी ही, की तुम्ही जे व्यवहार करता ते त्याच्याही वतीने करता का. मित्र घरी बसून पैशाची वाट बघत असेल तर तो धनको. पण तो शेडवर येऊन सियागंजच्या व्यापाऱ्याला 'आपल्या कारखान्यासाठी माल पाठवा' म्हणत असेल, तर उद्या तोच व्यापारी त्याच्याकडून वसुली मागू शकतो, आणि मित्रही वाटा मागायला मोकळा. म्हणून तीनच गोष्टी करा : पैसे बँकेतून आलेत याची खात्री (२० हजार किंवा जास्त रकमेचं कर्ज रोख घेतलं तर घेतलेल्या रकमेइतका दंड बसू शकतो), कर्जाचा साधा करार, आणि ठराविक व्याज. 'नफ्यातून काहीतरी' ही भाषा बंद. मित्र दुखावेल असं वाटत असेल तर व्याज एक टक्का जास्त द्या, स्वस्त पडेल.

तुमच्या बायकोकडे येते. हा भाग लिहिताना मला थोडा राग येतोय, तो तुमच्यावर नाही, माझ्या टेबलापलीकडे तीस वर्षं बसलेल्या नवऱ्यांवर आहे. 'ती आहेच की, घरचीच' असं म्हणून बिलं, स्टॉक, वसुलीचे फोन सगळं तिच्याकडून करून घ्यायचं आणि कागदावर तिचं नाव कुठेच नाही. कायद्याच्या नजरेत आज तिचा तुमच्या धंद्यात शून्य वाटा आहे. लग्नामुळे तो निर्माण होत नाही. आपल्याकडे गोवा सोडला तर नवरा-बायकोची मिळकत लग्नाने एक होत नाही. तुमचं ते तुमचं, तिचं ते तिचं.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा प्रतिभा राणी खटला वाचण्यासारखा आहे. बायकोचं स्त्रीधन सासरच्यांनी परत दिलं नाही म्हणून तो उभा राहिला. भागीदाराने फर्मच्या मालमत्तेवर हात मारला तरी साधारणपणे तो फौजदारी विश्वासघात होत नाही, कारण ती त्याचीही मालमत्ता असते. हे १९६५ साली ठरलेलं होतं. मग युक्तिवाद असा झाला, की संसार म्हणजेही एक प्रकारची भागीदारी, तिथे स्त्रीधनाचा विश्वासघात कसा होईल? न्यायालयाने तो फेटाळला. सासरच्या उंबऱ्यातून आत आलं म्हणून स्त्रीधन सामायिक होत नाही, ते तिचंच राहतं, नवरा फार तर ते सांभाळणारा. लग्नाला लोक मंगलाष्टकांपासून 'आयुष्याची भागीदारी' म्हणतात. म्हणू देत. कोर्टात ती उपमा बायकोच्या विरोधात वापरली गेली होती हे मला विसरता येत नाही. (याच कारणासाठी सांगून ठेवते, भावाने गल्ल्यातून पैसे उचलले तर ठाण्यात धावू नका, भागीदारांमध्ये तो आधी हिशोबाचा मामला असतो.)

तर तिला एकतर पगार द्या किंवा भागीदार करा. पगाराला एक मेख आहे. धंद्यात तुमचा २० टक्के किंवा अधिक वाटा असताना बायकोला पगार दिला, तर तो तुमच्याच उत्पन्नात मिळवला जाऊ शकतो. तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्याच जोरावर मिळत असेल तर सुटका. भागीदार केलंत तर तिचं भांडवल तिच्या स्वतःच्या पैशातून आलेलं बरं. तुम्हीच दिलेले पैसे तिने घातले, तर त्यावरचं व्याज फिरून तुमच्याच डोक्यावर येतं.

भागीदार करण्याने मतांचं गणितही बदलतं आणि तिथे भाऊ बिथरेल, ते बरोबरही आहे. रोजच्या बाबी बहुमताने ठरतात असं बारावं कलम म्हणतं. तुम्ही दोघं, तो एकटा, म्हणजे कायम दोन विरुद्ध एक. उपाय सोपा आहे : 'घराला एक मत' असं करारात लिहा आणि मशीनखरेदी, कर्ज, जागा बदलणं यांना सगळ्यांची संमती. वह्या बघायचा हक्क मात्र कायद्याने प्रत्येक भागीदाराला आहेच. भाऊ रविवारी येऊन वही मागतो तेव्हा तो अविश्वास दाखवत नसतो.

आता मरणाचं. हे बोलायला कोणाला आवडत नाही आणि नेमकं हेच राहून जातं. कापड बाजारातली एक फर्म माझ्या डोळ्यांसमोर मोडली. दोन मित्र, सव्वीस वर्षांची भागीदारी, करारात झोकात लिहिलेलं की एक गेला तर त्याचा मुलगा त्याच्या जागी येईल. एक गेले. मुलगा तेराव्यानंतर गादीवर येऊन बसला. दुसरे म्हणाले, फर्म संपली, बाळा. मुलगा वकिलांकडे गेला, आणि वकिलांनी सांगितलं की काका बरोबर बोलताहेत. सेठ गोविंदराम शुगर मिल्सचा निकाल १९६५ चा, मध्य प्रदेशच्या आयकर आयुक्तांचंच प्रकरण : भागीदार दोनच असतील तर एकाच्या मृत्यूने फर्म संपते, करारात काहीही लिहा, कारण एकट्या माणसाची भागीदारी होऊच शकत नाही. वारसाला मिळतो तो हिशोब आणि वाट्याचे पैसे, गादी नाही. ते पैसे मिळेपर्यंत धंदा तसाच चालू ठेवला असेल, तर त्या काळातल्या नफ्याचा वाटा किंवा सहा टक्के व्याज यांतलं एक वारसाने निवडायचं. तिथे हे सगळं होईतो सीझन गेला आणि माल पडत्या भावात काढावा लागला. तीन भागीदार असते तर करारातलं कलम लागू झालं असतं. तुमच्या बायकोला आत घ्यायचं माझ्या मते हे सर्वांत व्यावहारिक कारण.

फर्म केलीत तर रजिस्टर करा. आपल्याकडे ते सक्तीचं नाही. नुसत्या करारावर पॅन मिळतं, बँकेत खातं उघडतं, जीएसटी नंबर मिळतो, म्हणून लोक पुढे जातच नाहीत. मग एक दिवस भोपाळचा व्यापारी सात लाख बुडवतो आणि कळतं की एकोणसत्तराव्या कलमाप्रमाणे बिनरजिस्टर फर्मला करारावरून त्याच्यावर दिवाणी दावाच लावता येत नाही. त्याला मात्र तुमच्यावर लावता येतो! रजिस्टर आहे, पण नंतर आलेल्या भागीदाराचं नाव चढवलं नाही, अशी अर्धवट अवस्थाही दाव्यात आडवी येते. आणि पुण्याच्या नातेवाइकांचा सल्ला ऐकताना जरा जपून. महाराष्ट्राने १९८४ साली या कलमात दुरुस्ती करून बिनरजिस्टर फर्मच्या भागीदारांना आपसातला हिशोब मागायचे किंवा फर्म मोडायचे दावेही बंद केले होते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पोटकलम घटनाबाह्य ठरवलं, तरी जुनी माहिती अजून फिरत असते. आपल्याकडे ती दुरुस्ती कधीच नव्हती. फर्म मोडायचा आणि हिशोबाचा दावा इथे बिनरजिस्टर असलात तरी चालतो.

मग फर्म की एलएलपी? तुमच्या जागी मी असते तर एलएलपी केली असती, आणि ती भावासाठी. फर्ममध्ये प्रत्येक भागीदार सगळ्या देण्याला वैयक्तिक जबाबदार असतो. तुम्ही उद्या १२ लाखांचं तेल उधार उचललंत आणि भाव पडले, तर महिन्यातून दोनदा येणाऱ्या भावाचं घरसुद्धा त्या देण्याच्या तोंडी. खाण्याचा पदार्थ आहे, एखाद्या बॅचबद्दल कोणी दावा लावला तरी तेच. शिवाय बायको भागीदार झाली की तुमच्या घरातल्या दोघांच्या नावावरचं सगळं उघड्यावर. २००८ च्या कायद्याने आलेली एलएलपी ही वेगळी कायदेशीर व्यक्ती असते. देणी तिची, तुमची जोखीम घातलेल्या पैशापुरती, जोवर तुम्ही लबाडी करत नाही. भागीदार मेला तरी ती चालू राहते. मात्र किमान दोन हवेत. एकटा उरलेला माणूस जाणूनबुजून सहा महिन्यांच्या पुढे तसाच धंदा करत राहिला तर त्या काळातलं देणं त्याच्या अंगावर.

किंमत आहे. दरवर्षी ३० मेपर्यंत एक विवरण, ३० ऑक्टोबरपर्यंत दुसरं, धंदा शून्य असला तरी. उशीर वाढेल तसा दंड वाढतो. बंद पडलेल्या एलएलपीचे दंड भरणारे लोक मी पाहिले आहेत. उलाढाल ४० लाखांच्या वर गेली किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेलं की ऑडिट. छोट्या धंद्याला अंदाजे नफा दाखवून सुटायची जी आयकर योजना आहे ती फर्मला चालते, एलएलपीला नाही. आणि बँक कर्ज देताना तुमची वैयक्तिक हमी घेणारच, तेव्हा बँकेपुरतं 'मर्यादित' हा शब्द विसरा. व्यापाऱ्यांच्या उधारीपुरता तो खरा आहे, आणि तुमचा धोका तिथेच आहे. कंपनी आत्ता नको; बाहेरचा गुंतवणूकदार शेअर मागेल तेव्हा बघू.

कुठलंही केलंत तरी नमकीनचं नाव कोणाचं ते आजच ठरवा. फूड लायसन आणि जीएसटी तुमच्या एकट्याच्या नावावर घेतले असणार, पाकिटावरचं नाव भावाने सुचवलेलं असणार. ते एलएलपीच्या नावाने ट्रेडमार्कला लावा. तीन वर्षांनी शेड आणि कढया कोणाला नको असतात, भांडण नावावर होतं. वेगळं व्हायचं झालं तर किंमत कोण लावेल, पैसे किती हप्त्यांत, आणि जाणारा इंदुरात किती वर्षं तोच धंदा करणार नाही, हेही लिहा. शहर आणि मुदत वाजवी असेल तर भागीदारांमधलं असं बंधन कायद्याला चालतं.

एक छोटी गोष्ट, जी माझ्या क्षेत्रातले लोकही सांगायला विसरतात. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा अजून चालू आहे. त्याखाली बायको-मुलांच्या नावे आयुर्विमा काढला तर ती रक्कम त्यांची होते, तुमच्या धनकोंना तिला हात लावता येत नाही. फॉर्म पॉलिसी घेतानाच भरायचा असतो, नंतर नाही.

आता बहीण. तिच्या नात्याला कायदा अगदीच अनोळखी नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात 'विवाहासारखं नातं' बसतं, आणि ते कशाला म्हणायचं हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० आणि २०१३ च्या दोन निकालांत बरंच उलगडलं आहे. म्हणजे मारहाण झाली, घराबाहेर काढलं, तर तिला दाद मागता येते. पण वारसा हा वेगळा प्रांत, आणि तिथे जोडीदार परकाच. उद्या तो गेला, मृत्युपत्र नाही, तर त्याचा अर्धा फ्लॅट त्याच्या आईकडे जाईल. ती गेली तर तिचा अर्धा तुमच्या आई-वडिलांकडे. तुमचे वडील तेव्हा त्या मुलाला 'राहा बाबा' म्हणतील का, हे तुम्हीच मला सांगा. बँक मात्र उरलेल्याकडून पूर्ण हप्ता मागेल, कारण कर्जाला दोघंही पुरते जबाबदार.

तिने दोन कागद करावेत. कोणी किती पैसे घातले आणि वाटा किती याचा लेखी करार, रजिस्ट्रीत वाटा लिहिलेला नसेल तर. दोघांनी आपापले पैसे घातले असतील तर कायदा वाटा त्या प्रमाणात धरतो, पण पुरावा नसेल तर समान मानतो; हप्ते वेगवेगळ्या खात्यांतून जात असतील तर ती पासबुकं जपून ठेवायची. दुसरं, दोघांची वेगवेगळी मृत्युपत्रं, प्रत्येकी दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. नोंदणी सक्तीची नाही, पण अशा नात्यात करून घ्यावी, कारण विरोध करायला घरचेच उभे राहतात. बँकेत आणि विम्यात नॉमिनेशन बदललंय म्हणून निर्धास्त राहू नका; नॉमिनी बहुतेक ठिकाणी पैसे स्वीकारणारा असतो, मालक नसतो.

तुमच्यासाठी शेवटचं. पहिल्या दिवसापासून आजपर्यंतचा हिशोब एका तारखेला बांधा, दोघांनी सही करा, आणि त्या आकड्यांवर नवीन एलएलपीचा करार लिहून घ्या. ज्या सीएकडे जाल तिथे भाड्याची पावती, मशीनची बिलं, व्यापाऱ्यांची उधारीची यादी आणि मित्राचे पैसे कोणत्या खात्यात आले ती नोंद घेऊन जा. भावाला फोनवर घेऊ नका, समोर बसवा. आणि बायकोला नक्की न्या; स्टॉकची वही तिच्याकडे आहे, किती माल परत आला हे तुम्हा दोघांपैकी कोणालाच धड सांगता येणार नाही.